मागच्या पायाखालचं पाणी

मी एक जुना स्टँड आहे, मित्रांनो. ज्यावर कॅमेरा बसवतात तो, तीन पायांचा. माणसाचं दोन पायांवर भागतं, मला तीन मिळाले, तरी माझं लटपटणं काही थांबलं नाही. मी जन्माचा भित्रा. घाबरट माणूस निदान पळून तरी जातो. मला मात्र उभं केलं तिथेच उभं राहून घाबरावं लागतं.

ॲल्युमिनियमच्या नळ्या, रबरी बूट आणि उंची कमीजास्त करायला पायापायाला स्क्रू, एवढंच माझं शरीर. झकेरियाशेठनी मला आखातातून येताना आणलं आणि महाडच्या बाजारपेठेत फोटोचं दुकान थाटलं. तिथे मी लग्नं पाहिली, बारशी पाहिली, पासपोर्टच्या फोटोसाठी श्वास रोखून बसलेली माणसं पाहिली. "हा स्टँड नाही, खांब आहे," असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी मनातल्या मनात ताठ व्हायचो.

मग एका जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. शटरखालून आलं, माझ्या बुटांशी जरा घोटाळलं आणि चढत चढत पार डोक्यावरून गेलं. अंधारात, गाळात मी किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. मला बाहेर काढलं तेव्हा एका पायाचा स्क्रू ढिला झाला होता, तो कायमचाच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला तर फरशी पुसायच्या बादलीचीही धास्ती वाटू लागली. शेठनी नवा स्टँड घेतला आणि जुन्या ओळखीखातर मला सुनीलला देऊन टाकलं.

सुनील पोलादपूर ते कुडपण जीप चालवतो. त्याची मुलगी सेजल बारावीला आहे. तिला मुंबईच्या काकाने आपला जुना कॅमेरा दिला होता. तिने मला पुसलं, सांध्यांना तेल लावलं, आणि माझे दिवस पालटले. पण सुख मला पचलं नाही, कारण घरात समुद्राच्या गोष्टी सुरू झाल्या. सुनीलची आई ठकूबाई हिने सत्तरी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता. समुद्रासमोर बसलेल्या आजीचा फोटो काढायचाच, असं सेजलच्या मनाने घेतलं. समुद्र म्हणजे पाणीच की! पण मला कोण विचारतो?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. सुनील, त्याची बायको सोनाली, आजी, सेजल आणि मागच्या सीटखाली मी. श्रीवर्धनच्या पलीकडे एका लहानशा किनाऱ्यावर जीप थांबली. ओहोटी होती. वाळूच्या पलीकडे, बरंच आत, एक काळा खडक उघडा पडला होता. सोनाली डबे सांभाळत सुरूच्या झाडांखाली थांबली. बाकीची तिघं मला घेऊन ओल्या वाळूवरून चालत खडकापाशी गेली. मध्ये एक सखल पट्टा लागला, घोटाही बुडणार नाही इतकंच पाणी. आजीने लुगडं जरासं उचललं आणि लहान मुलीसारखी हसली.

आजी खडकावर बसली. तिच्यामागे समुद्र, समुद्रावर कलता सूर्य. सेजलने मला वाळूत रोवलं, माझे दोन पाय समुद्राकडे आणि एक मागे, किनाऱ्याकडे. फोटो निघू लागले.

थोड्या वेळाने माझ्या मागच्या पायाला गार लागलं.

मित्रांनो, तो गारवा मी ओळखत होतो. शटरखालून आला होता, तोच. पायाखालची वाळू भुसभुशीत झाली आणि मी मागे कललो. मला ओरडता येत नाही. कलणं एवढंच माझं बोलणं.

"आजी, थांब हं. फोटो तिरका येतोय," सेजल म्हणाली. "पप्पा, या स्टँडचा स्क्रू परत ढिला झाला."

तिने स्क्रू आवळला, मला उपटलं आणि चार पावलं पुढे, समुद्राकडे नेऊन रोवलं. माझी पाचावर धारण बसली.

आजीला चाहूल लागली असावी. "सुनील, पानी वाढतंय काय रं?"

सुनीलने वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. मग त्याने वळून पूर्वेकडचे डोंगर पाहिले. तिकडेही ढग नव्हता. डोंगरातला माणूस तो. पाणी वाढायचं असलं तर आधी वरती पाऊस पडतो, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं.

"पाऊस कुठं हाय, आये? पानी कशानं वाढंल? बस तू निवांत."

तेवढ्यात किनाऱ्यावर सोनाली दिसली. दोन्ही हात वर करून हलवत होती. लाटांच्या आवाजात तिचं काही ऐकू येत नव्हतं. सुनील हसला, त्यानेही हात हलवला. "तुझ्या आईला पन फोटोत यायचं हाय बघ."

सेजलने कॅमेरा माझ्या डोक्यावर गर्रकन किनाऱ्याकडे फिरवला आणि झूम करून आईला जवळ आणलं. पडद्यावर आईचा चेहरा आला. ती हसत नव्हती. तोंड उघडं, पदर वाळूत लोळतोय, डोळ्यांतून पाणी. आणि तिच्या पायांपासून आमच्यापर्यंत, जिथून आम्ही चालत आलो होतो तिथे, हलणारं तपकिरी पाणी. समुद्र पुढून आलाच नव्हता. तो वळसा घालून पाठीमागे भरला होता.

"पप्पा," सेजल म्हणाली आणि तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

सुनीलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आजीला पाठंगुळीला घेतलं, कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. पाण्यात उतरला आणि गुडघ्यावर येताच गोंधळला; कुठे खोल, कुठे उथळ, काही कळेना. तेव्हा पाठीवरून आजीच बोलली.

"आपल्या गावचा वढा समज. पोरी, तो स्टँड मिटव. काठी कर त्याची आन् पुढं हो. आदी काठी रोव, मंग पाय. घाई नाय करायची गो."

माझे तिन्ही पाय मिटले आणि मी पाण्यात गेलो. काय सांगू! पाणी माझ्या गुडघ्यांवर, कमरेवर, सेजलच्याही कमरेवर. रोवलं, पाय. रोवलं, पाय. मध्यावर माझा तो ढिला पाय सटकन आत गेला, सेजलचा तोल गेला आणि सगळा भार माझ्या उरलेल्या दोन पायांवर आला. सुनीलने एका हाताने मला धरलं. मी मोडेन असं वाटलं. मी मोडलो नाही. कसा ते मलाही ठाऊक नाही.

सोनाली गुडघाभर पाण्यात धावत आली होती. तिने आधी सेजलला एक थप्पड मारली आणि मग तिला मारलेली मिठी सोडेचना.

तुम्हाला वाटेल, आता माझी आरती ओवाळली असेल. छे! घाबरलेल्या माणसाला रागवायला कुणीतरी लागतं. "ह्या स्टँडपायी झालं सगळं," म्हणत सुनीलने मला माळ्यावर फेकलं. खारं पाणी कुणी धुतलं नाही. सांधे गंजले. सेजलने कॅमेऱ्याला हात लावणं सोडलं. पाण्याचा आवाज आला तरी ती दचकायची. माझी भीती तिला लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी मला खाली काढलं ते आजीने. "चल गो. समुद्राला परत जायचं," ती म्हणाली. "भीत बसलेलं मानूस मनातलं काईच करत नाय." सुनीलने कुरकुर केली, पण या वेळी आधी गावातल्या माणसांना भरतीची वेळ विचारून घेतली.

त्याच किनाऱ्यावर सेजलने सारखं मागे वळून बघत मला उघडलं. "आजी, समोर बस ना."

"मी नाय बसत," आजी म्हणाली. ती आमच्या मागे जाऊन, समुद्राकडे पाठ करून, किनाऱ्याकडे बघत उभी राहिली. "तू काढ फोटो. मी मागं बघते."

सूर्य बुडेपर्यंत ती वळली नाही. सेजलचं मागे वळून बघणं हळूहळू थांबलं.

मित्रांनो, खाऱ्या पाण्यातून आलात की आम्हा बिचाऱ्यांना गोड्या पाण्याने धुवा, एवढं तर कराच. पण देखावे टिपायला निघालात, तर पाठीमागे बघणारं एक माणूस सोबत न्या आणि त्याला जपा. सेजलच्या त्या दिवशीच्या फोटोंत समुद्र आहे, सूर्य आहे, परतणाऱ्या होड्या आहेत. आजी एकाही फोटोत नाही.