औंसाला नऊ ग्रॅम कमी

रविवार उजाडला तेव्हा नोलीनच्या बाटलीत बावीस ग्रॅम सोनं होतं आणि तिला हवं होतं एक औंस, म्हणजे एकतीस ग्रॅम. नऊ ग्रॅम कमी! मुठीत धरलं तर हाताला कळणारसुद्धा नाही एवढंसं. पण तेवढ्यावर तिचं उरलेलं सगळं आयुष्य अडकून बसलं होतं आणि हातात होता फक्त एक दिवस.

भानगड केली होती पोरीनं. मर्व्हच्या पायाचं ऑपरेशन झालं, ईस्टरला केरिन बापाला बघायला आली आणि तिनं फर्मान काढलं, "आई, तू सहासष्ट, बाबा एकाहत्तर. त्या रानात पडलात तर उचलायला कोण येणार? कावळे?" मँडुराला समुद्राजवळ तिनं दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. न्हाणीघरात धरायला दांडे, शेजारी सगळे म्हातारे, मंगळवारी पत्ते. नोलीनला ऐकूनच गुदमरायला झालं. तिनं थयथयाट केला तेव्हा केरिननं पैज मांडली. इथला हिवाळा ऑगस्टअखेर संपतो; तोवर आईनं स्वतःच्या हातानं एक औंस सोनं जमिनीतून काढलं, तर घराचं नाव काढायचं नाही. नाही निघालं, तर सोनं शोधायचा डिटेक्टर विकायचा, राहायची कॅरव्हान विकायची आणि गुमान यायचं.

"कबूल!" म्हणून सगळ्यात आधी हात पुढे केला तो मर्व्हनं. बत्तीस वर्षं या लाल मातीत तिच्याबरोबर फिरलेला माणूस! आणि तेवढ्यावर थांबला का? नाव नको. सगळा हिवाळा तोंडात एकच जप. "मँडुराला शॉवरला गरम पाणी येतं म्हणे. चोवीस तास." माश्या चावल्या की मँडुरा, चहात माती पडली की मँडुरा. नोलीनला वाटायचं, बाई गं, घरातलाच माणूस फितूर झाला, आता कोणाच्या जिवावर भांडायचं?

त्यामुळे त्या सकाळी तो खांद्यावर कुदळ टाकून तिच्या मागं उभा राहिला, तेव्हा ती चपापलीच.

"तू कुठं निघालास?"

"तुझ्याबरोबर. मी खणतो, तू ऐक. शेवटचा दिवस आहे नोली, एकत्र काढू."

दोघांची दोन यंत्रं, दोन दिशा, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा रिवाज होता. जवळ आलं की यंत्रं एकमेकांवर किंचाळतात, आणि खरं सांगायचं तर माणसंही. पण शेवटच्या दिवशी नको कशाला म्हणायचं? नोलीननं कानावर हेडफोन चढवले, तोंडावर माश्यांची जाळी ओढली आणि मल्गाच्या झुडपांतून निघाली. डिटेक्टरची तबकडी जमिनीलगत डावीउजवीकडे फिरत होती. तासाभरात दोन बंदुकीच्या गोळ्या, एक घोड्याच्या नालाचा तुकडा आणि बीअरच्या कॅनची कडी एवढी दौलत निघाली.

"इथं बघ की जरा," मर्व्ह म्हणाला.

एका आडव्या पडलेल्या झाडापाशी तो गुडघे टेकून बसला होता आणि बोटानं जमीन दाखवत होता.

"का? इथं काय आहे?"

"मला आपलं वाटलं."

"तुला वाटून आजवर काय निघालंय? ट्रॅक्टरचा नट!" असं म्हणत तिनं तबकडी तिकडे नेली, आणि कानात असा काही आवाज घुमला की तिच्या पायाखालची जमीनच हलली. टूंऽऽऽव! नखाएवढ्या सोन्याची ती चिमुकली किणकिण नव्हे. रुंद, भरघोस, दणदणीत आवाज! असा आवाज तिनं जन्मात दोनदाच ऐकला होता. एकदा ऐंशी ग्रॅमचा खडा निघाला होता आणि एकदा गाडीचा बंपर.

"मर्व्ह! अरे मर्व्ह! खण!"

"इथं ना?" तो डावीकडे बोट दाखवत म्हणाला.

"तिथं नाही रे, इथं! तुझ्या नाकासमोर!"

"थोडं डावीकडं घेऊ या का?"

"यंत्र तुझ्या कानाला आहे की माझ्या?"

मर्व्ह निमूटपणे खणू लागला. वीतभर खणलं, आवाज तसाच. हातभर खणलं, आवाज तसाच! दर चार घावांनी तो कडेला गुडघे टेकून सुटी माती हातानं उपसायचा, नोलीन तबकडी आत घालायची आणि आवाज ठणठणीत. खोल आहे म्हणजे मोठं आहे! नोलीनच्या अंगात वारं शिरलं. नऊ ग्रॅम कसले, हे नव्वद असणार. नऊशे असणार! तिनं मनातल्या मनात मँडुराचे ते दांडे उपटून समुद्रात फेकले. शेजाऱ्यांचे पत्तेही फेकले. ती खड्ड्याभोवती चक्क नाचली, सहासष्ट वर्षांची बाई, डोक्यावर जाळी, कानावर हेडफोन, वायरीत पाय अडकून दोनदा पडता पडता वाचली.

"थांब," ती एकदम म्हणाली. "तुझ्या पट्ट्याचा बक्कल तर वाजत नाही ना?"

मर्व्हनं पट्टा काढून लांब फेकला आणि पुन्हा कडेला टेकला. आवाज होताच. मग किल्ल्या गेल्या, चाकू गेला, टोपीवरची पिन टोपीसकट गेली. बुटांना पितळी कड्या होत्या म्हणून बूटही गेले. आवाज जागचा हलला नाही. आता मर्व्ह मोज्यांवर उभा, कुदळसुद्धा लांब ठेवलेली आणि एका हातानं घसरणारी पँट धरलेली.

"चेन पण लोखंडी आहे," नोलीन पँटकडे बघत म्हणाली.

"नोली, मी एकाहत्तर वर्षांचा आहे!"

"इथं बघायला आहे कोण? कावळे?"

पँट झुडपावर गेली. आवाज होता! म्हणजे सोनंच! नोलीननं आनंदानं आरोळी ठोकली, आणि बिचारा मर्व्ह चड्डीवर माश्या हाकलत गुडघाभर खड्ड्यात उतरला. त्याचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. नव्वद ग्रॅमच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं असतं का असं तोंड? नोलीनला त्याचा रागच आला. याला मँडुरा हुकणार म्हणून वाईट वाटतंय, दुसरं काय!

दोन तास झाले. मर्व्ह कुदळ लांब टाकून वर आला आणि "आलोच जरा" म्हणत झुडपामागं गेला. नोलीननं तबकडी खड्ड्यात घातली.

शांतता.

तिनं हेडफोन दाबले, खुंट्या फिरवल्या, यंत्राला दोन थपडा मारल्या. चिडीचूप. खड्ड्यात मातीशिवाय काही नाही. एवढ्यात मर्व्ह परत आला, सवयीनं कडेला गुडघे टेकले, आणि टूंऽऽऽव!

"मागं सरक," ती हळूच म्हणाली.

तो सरकला. शांतता.

"पुढं ये."

टूंऽऽऽव!

नोलीननं तबकडी खड्ड्यातून काढली आणि सरळ मर्व्हच्या उजव्या गुडघ्यावर धरली. जानेवारीत पर्थच्या डॉक्टरांनी बसवलेला तो अख्खा धातूचा गुडघा तिच्या कानात शंख फुंकल्यासारखा वाजला.

आणि मग नोलीन जी हसत सुटली! खाली बसून हसली, आडवी होऊन हसली, जाळीच्या आत डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथं तर नवऱ्याचाच गुडघा निघाला! मर्व्ह आधी गोरामोरा झाला, मग तोही खो खो हसायला लागला. चड्डीवर, मोज्यांवर, स्वतःच्या गुडघ्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर.

"कितीचं भरेल रे?" ती हुंदके देत म्हणाली. "केरिनला सांगू या, बापातून काढलं!"

"अर्धा किलो तरी असेल," तो म्हणाला आणि दोघं पुन्हा फुटले.

हसणं ओसरलं तशी सूर्य कुठं आलाय ते तिला दिसलं. तीन वाजून गेले होते. नऊ ग्रॅम तिथंच होते, कमीच. उद्या डिटेक्टर विकायला काढायचा. पुढच्या हिवाळ्यात या वेळी ती पत्ते पिसत बसलेली असेल.

"चल, खड्डा बुजवू आणि निघू," ती उठत म्हणाली.

"निघायच्या आधी," पँट चढवत मर्व्ह म्हणाला, "तेवढं डावीकडं एकदा बघ."

"तुला काय झालंय रे आज? एप्रिलपासून गरम पाण्यासाठी जीव टाकतोयस आणि आता..."

"बघ गं एकदा. मी लांब उभा राहतो." आणि तो खरंच तीस पावलं लांब जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

नोलीननं तबकडी डावीकडं फिरवली. किण्ण! स्वच्छ, गोड, वरच्या वर. तिनं कुदळ मारली आणि हात जागीच थबकला. ही जमीन विटेसारखी कडक, दोन तास खणून मर्व्हच्या तळहाताला फोड आले होते, आणि इथली माती पिठासारखी भुसभुशीत. टीचभर खाली बोट घातलं तर हाताला खडा लागला. बारा ग्रॅमचा सहज असेल. पिवळाधमक.

आणि गुळगुळीत! चघळून चघळून बारीक झालेली लिमलेटची गोळी असते ना, तसा गुळगुळीत. या भागातलं सोनं तिला पोटच्या पोरीसारखं ओळखता येई. वेडंवाकडं, खडबडीत, काळा लोहदगड चिकटलेलं. असं गुळगुळीत होतं ते नदीत घरंगळत गेलेलं सोनं. आणि इथून नदी कुठं, तर हजार मैल लांब.

"मर्व्ह," तिनं हाक मारली. "इकडं ये."

"निघालं?" तो पळत येत ओरडला. "निघालं का? वा! झाला की औंस!"

"ही नदी कधी आली रे इथं?"

"कुठली नदी?"

"ज्या नदीतून हे आलं ती. काल रात्री वाहून गेली का?"

मर्व्हनं खड्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. "पूर आला असेल," तो म्हणाला, "पूर्वी कधीतरी."

"मर्व्ह!"

"क्लॅरीचा आहे," तो पुटपुटला. क्लॅरी म्हणजे पलीकडच्या तळावरचा म्हातारा, व्हिक्टोरियातल्या नद्या धुंडाळून आलेला. "त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करून दिला. त्याच्या बदल्यात घेतला. काल संध्याकाळी इथं पुरला. आणि आज तू त्या गुडघ्यापायी मला हातभर उजवीकडं दोन तास खणायला लावलंस!"

नोलीनला पुन्हा हसू फुटलं. "पण तुला तर मँडुरा हवं होतं ना? शॉवर?"

"मला? शॉवर?" मर्व्ह भडकलाच. "त्या खुराड्यात मी एक हिवाळा जगणार नाही! तू दमतेस, रात्री खोकतेस. मला वाटलं, ही माझ्यासाठी म्हणून इथं राहील आणि मरेल एक दिवस. म्हणून म्हणत होतो, गरम पाणी, गरम पाणी. म्हटलं, तुला जायचं असेल तर माझी अडचण नको."

"आणि मी जायला तयारच नाही हे दिसलं तेव्हा?"

"तेव्हा क्लॅरीकडं गेलो."

नोलीन मटकन खड्ड्याच्या काठावर बसली. तिला त्याला एक रट्टा द्यावासा वाटला आणि मिठीही मारावीशी वाटली. तिनं आधी रट्टा दिला. पाच महिने! पाच महिने ती या माणसाला फितूर समजून मनातल्या मनात शिव्या घालत होती.

"ठेव तो बाटलीत," मर्व्ह म्हणाला. "चौतीस होतील. तुझ्या हातानं जमिनीतूनच काढलास की नाही? पैजेत बसतं."

नोलीननं बाटली काढली. झाकण उघडलं. आत बावीस ग्रॅम खडबडीत, खरंखुरं, पाच महिन्यांचं सोनं होतं. ती त्या बाटलीकडं बघत राहिली आणि अचानक म्हणाली, "मर्व्ह, आपण किती गाढव आहोत."

"ते आहेच. पण आत्ता का?"

"अरे, दोघांनाही जायचं नाही. मग हे नऊ ग्रॅम आपण कशाला शोधतोय? स्वतःच्या पोरीला नाही म्हणायची परवानगी मिळावी म्हणून?" तिनं झाकण लावून टाकलं आणि खडा त्याच्या हातात कोंबला. "आधी हा क्लॅरीला देऊन ये. त्याच्याकडून बीअर उकळ. गिअरबॉक्सचे काय कमी कष्ट असतात? नाही, थांब. आधी फोन."

रेंज फक्त गाडीच्या टपावर यायची. मर्व्हनं तिला ढकललं, तिनं मर्व्हला ओढलं, आणि दोघं धापा टाकत, एकमेकांना धरून टपावर उभे राहिले. खाली जिकडं बघावं तिकडं लाल जमीन.

"किती झालं, आई?" केरिननं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"बावीस."

"बरं," केरिन म्हणाली आणि तिचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. मी परवा गाडी घेऊन येते, सामान..."

"येऊ नकोस. आम्ही येत नाही."

"पण आई, तू हरलीस!"

"हरले की. चांगली नऊ ग्रॅमनं हरले. आणि येत नाही."

"हा रडीचा डाव झाला! बाबांना दे फोन."

नोलीननं फोन पुढं केला. उभ्या जन्मात मर्व्हनं या पोरीला कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. कुत्रं म्हटलं, कुत्रं आणलं. नाचाचा क्लास म्हटलं, दोनशे मैल गाडी हाकली. त्यानं फोन कानाला लावला.

"बाबा," केरिन म्हणाली, आणि शेजारी उभ्या नोलीनलाही स्पष्ट ऐकू आलं, "तुम्ही तिकडं पडलात, तर मला कळणारसुद्धा नाही हो."

मर्व्हनं डोळे मिटले. आता हा विरघळणार, तिला वाटलं. विरघळला तर ती काही बोलणार नव्हती.

"रोज संध्याकाळी टपावर चढून फोन करतो, बाळ," मर्व्ह म्हणाला. "रोज. ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी शोधायला ये. पण येत नाही गं आम्ही. मला यायचं नाही."