नावाच्या चिठ्ठ्यांचा डबा

मी एक जुना कॉफीचा डबा आहे. मित्रांनो, हे सांगतानाही तुमच्यापैकी कोणाचा हात माझ्या झाकणाकडे येतोय का, यावर माझं लक्ष आहे. वाईट वाटून घेऊ नका. माझा सगळा जन्मच संशयात गेला.

माझ्यातली कॉफी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मोटारशर्यतींच्या एका मातीच्या मैदानावर संपली. तिथे व्हर्लिन नावाचा मेकॅनिक होता. त्याने माझ्या झाकणाला हात जाईल एवढं भोक पाडलं, कड बोचू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली आणि माझ्या पोटात आकडे लिहिलेल्या लाकडी चकत्या टाकल्या. दर शनिवारी शर्यतीआधी प्रत्येक ड्रायव्हर एक चकती काढायचा. लहान आकडा आला की गाडी पुढच्या रांगेत, मोठा आला की मागे धूळ खात. "हा डबा कोणाचा मिंधा नाही," असं व्हर्लिन म्हणायचा आणि मी फुलून जायचो.

पण जो कोणाचा मिंधा नाही, त्याला फसवायला सगळेच टपलेले असतात. एकाने एक नंबरची चकती बर्फाच्या पेटीत ठेवून गुपचूप आत सोडली. गार लागेल तीच उचलायची, असा त्याचा डाव. दुसऱ्याने चकतीची कड कानशीने घासली. तिसरा आदल्या शनिवारचीच चकती मुठीत दाबून आणायचा. आत आलेला हात साधूचा की चोराचा, ते मला बोटांवरून कळतं, असं मी समजून चाललो.

पुढे चकत्यांचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. व्हर्लिनही गेला, एका मार्च महिन्यात, झोपेतच. मी सुकलेली पेनं आणि गंजके स्क्रू पोटात घेऊन फळीवर पडून राहिलो. चार वर्षं माझ्यावरची धूळ कोणी झटकली नाही.

यंदा मे महिन्यात मैदानाचा मालक डेलबर्ट याने मला खाली उतरवलं. नवशिक्यांसाठी लहान इंजिनाच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा एक वेगळा वर्ग सुरू व्हायचा होता आणि त्याला नाव हवं होतं. ड्रायव्हरांनी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्या नावाच्या जास्त ते मैदानाच्या फलकावर रंगवायचं. डेलबर्टला 'मिनी स्टॉक' हे सगळीकडे चालणारं सरधोपट नाव हवं होतं. काही टवाळ मंडळी 'गंजकी फौज' म्हणत होती. आणि व्हर्लिनच्या हाताखाली शिकलेली ट्रूडी प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगत होती, "व्हर्लिनकाकांचं नाव द्या. भंगारातून गाडी उभी करायला आपल्याला कोणी शिकवलं?"

डेलबर्ट माझ्याजवळ तीनदा घुटमळला. हा काहीतरी करणार, अशी माझी खात्रीच होती. त्याने काही केलं नाही.

दुपारी सराव सुरू झाला आणि मला नोंदणीच्या खोलीत आर्लिसपाशी ठेवलं. आर्लिस म्हणजे व्हर्लिनची बायको. तीस वर्षं ड्रायव्हरांची नावं तीच लिहून घेते. तिने दाराला कडी लावली, माझं झाकण काढलं आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. काही चिठ्ठ्या ती परत टाकत होती, काही एप्रनच्या खिशात कोंबत होती.

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हेच. नवऱ्याचं नाव लागावं म्हणून ही बाई दुसऱ्यांची मतं चोरते, आणि तीही नवऱ्याच्याच डब्यातून. माझं पत्र्याचं अंग तापलं.

इतक्यात दार वाजलं. ट्रूडी मला मोजणीसाठी न्यायला आली होती. आर्लिसने कडी काढली.

"काकू, खिशात काय आहे?"

"रुमाल."

"रुमालावर माझं अक्षर कसं?" ट्रूडीने खिशातून डोकावणारी चिठ्ठी ओढून काढली, मग दुसरी, मग तिसरी. "यांच्यावर तर काकांचंच नाव आहे. तुम्ही त्यांचीच मतं काढताय?"

मी थिजलो.

आर्लिस खुर्चीत बसली. "इथला वर्ग किती दिवस टिकतो गं? सहा गाड्या जमल्या नाहीत की डेलबर्टभाऊजी फलकावरून नाव खरवडून टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत असे सात वर्ग गेले. त्याचं नाव तसं खरवडलेलं मला बघवणार नाही. एकदा पुरलंय मी त्याला, ट्रूडी."

"मग मला सांगायचं होतंत."

"तू एवढी हौसेने फिरत होतीस. तुला कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

ट्रूडीने हातातल्या चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "काकांच्या डब्यात लबाडी नको. परत टाका सगळ्या. पुढचं माझ्यावर सोडा."

आर्लिसने एकूण एक चिठ्ठी परत टाकली. बाहेर सगळे जमल्यावर ट्रूडी उभी राहिली. "व्हर्लिनकाकांचं नाव मी सुचवलं होतं, मीच मागे घेते."

डेलबर्टने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "का गं? कोणी दम दिला तुला?"

"मला कोण दम देणार? उघडा डबा."

'मिनी स्टॉक'च्या सहा चिठ्ठ्या निघाल्या, 'गंजकी फौज'च्या नऊ आणि व्हर्लिनच्या सतरा. सतरा बाजूला पडल्या. टवाळांनी शिट्ट्या मारल्या. "फौज तर फौज," डेलबर्ट कडवट तोंडाने म्हणाला आणि त्या सतरा चिठ्ठ्या कचऱ्यात टाकायला वळला.

"त्या इकडे द्या, भाऊजी," आर्लिस म्हणाली. "आणि डबाही."

"या डबड्याचं काय करणार, वहिनी?"

"ठेवणार."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी असतो. पोटात सतरा चिठ्ठ्या आहेत, बऱ्याचशा बोटांच्या ग्रीसने माखलेल्या. कधीमधी ती एखादी काढून वाचते आणि जपून परत ठेवते.

मित्रांनो, एखाद्याचं नाव फलकावर चढवण्याआधी, ते ज्याला रोज बघावं लागणार आहे त्याला विचारा. आणि कोणाचा हात डब्यात दिसला, तर चोर म्हणण्याआधी त्याच्या मुठीत काय आहे ते पाहा. मी पाहिलं नाही. मी तिला चोर म्हणालो, हे तिला कधीच कळणार नाही. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने माझं झाकण पुसते, तेव्हा तिच्या हाताखाली मला माझीच लाज वाटते.