बाहेरून कडी नसलेलं घर

मी एक खेळ आहे. मैदानातला नव्हे, मोबाइलमधला. आणि तोही भीतीचा. माझ्यात एक अंधारं घर आहे, बंद दारं आहेत आणि आतून टकटक करणारी एक मुलगी आहे. कोडी सोडवत एकेक दार उघडायचं आणि शेवटी शोधायचं, की तिला आत कुणी कोंडलं. लोक मला घाबरतात म्हणून मी फार मिरवायचो. खरं तर मीच भित्रा आहे. कुणी मोबाइलमधली जागा मोकळी करायला घेतली की माझा जीव वरखाली होतो.

माझा जन्म लातूरचा, क्लासेसच्या गल्लीतला. घर ज्ञानोबांचं. ते जिल्हा परिषदेत नोकरीला, आणि वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी मुलं भाड्यानं ठेवलेली. त्यांची मुलगी मनिषा हीच माझी आई. तीही नीटला बसली होती, पण डॉक्टरकीचा नाद सोडून कॉम्प्युटरकडे वळली.

या घरात कुठल्याच दाराला बाहेरून कडी नव्हती. घर बांधतानाच ज्ञानोबांनी सुताराला तसं बजावलं होतं. कुलूप कुठं लावायचं म्हणून मुलं कुरकुरली, तेव्हा त्यांना आतून सहज उघडणारी कुलपं बसवून दिली. कारण विचारलं की ज्ञानोबा उठून बाहेर जायचे.

मनिषाला कारण अर्धंच माहीत होतं. थोरली आत्या एकदा बोलून गेली होती, की ज्ञानोबांची धाकटी बहीण तारामती भूकंपात गेली, तेव्हा तिच्या दाराला बाहेरून कडी होती. ती कुणी घातली, हे आत्यानं सांगितलं नाही. मनिषाच्या मनातून ते जाईना, म्हणून तिनं मला घडवलं. उत्तर नव्हतं, तर एक दुष्ट चुलता रचला. तांबारलेले डोळे, हातात चाव्यांचा जुडगा. शेवटच्या दारात तो हसून म्हणायचा, “मीच कोंडलं तिला.” मला तो फार आवडायचा. मला एका स्पर्धेलाही पाठवायचं ठरलं होतं.

एका रविवारी टेस्ट देऊन आलेली मुलं जिन्यात बसून मला खेळत होती. आरडाओरडा ऐकून ज्ञानोबा आले आणि त्यांनी चष्मा लावून शेवट बघितला. मुलं वर गेल्यावर त्यांनी मनिषाला हाक मारली.

“ह्या माणसाला काढून टाक.”

“पप्पा, खेळ आहे तो. खरा माणूस नाही.”

“म्हणून काय झालं? त्यानं न्हाई लावली. कडी मी लावली.”

मनिषा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

“माय-बाप मजुरीला परगावी गेल्ते. मी विसर्जनाची मिरवणूक बघाया निघालो. आपल्या घरी गणपती नसतोय, पण मिरवणूक समद्या गावाची. तारा सारखी माझ्या मागं यायची. गर्दीत हरवंल म्हणून कडी घातली. परत आलो तर आत सामसूम. कडी लई वाजायची. पोरगी उठंल म्हणून तशीच ठिवली, अन् बाहेर बाजंवर पडलो. पहाटं जमीन हालली. भिंती समद्या बसल्या. दार तेवढं उभं व्हतं, कडी घातलेलं.”

“भिंत पडली, पप्पा. कडीनं नाही नेलं तिला.”

“कळतंय गं. पर मनातून जात न्हाई.”

मनिषा त्यांचा हात धरून रडत होती. “पुसून टाकू का हा खेळ?” तिनं विचारलं. मला वाटलं, संपलो आपण.

“नको,” ज्ञानोबा म्हणाले. “पर ती अशी भेसूर नव्हती. लई हसायची. तेवढं नीट कर.”

स्पर्धा राहून गेली. चुलता गेला आणि टकटकही गेली. बापलेकीनं बसून तारामती घडवली. फ्रॉकचा रंग ठरेना, नाक चार वेळा बदललं. आता शेवटचं दार उघडलं की ती हसत बसलेली दिसते. कुणाला भीती वाटत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं गप्प असेल, तर मनानं दुष्ट माणसं रचत बसू नका. जवळ जाऊन बसा.

मी आता फक्त ज्ञानोबांच्या मोबाइलमध्ये आहे. ऑफिसातून आले की ते शेवटच्या दारातल्या तारामतीपर्यंत येतात आणि पुढं काहीच दाबत नाहीत. जेवलीस का विचारतात, मनिषाला नोकरी लागल्याचं सांगतात. उत्तर माझ्यात नाही. मनिषानं ते मुद्दामच लिहिलं नाही. कुणी हात लावला नाही की मोबाइलचा पडदा आपोआप विझतो. ज्ञानोबांचं बोलणं संपेपर्यंत मी तो विझू देत नाही.