पांढऱ्या चादरीवरचं पाप

काचघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टोमॅटोच्या रांगांमध्ये माणसं टाचा उंचावून उभी, आणि मधोमध फवारेबाबा.

"बघा, लेकरांनो, पाप गळतंय! झाडाचं पाप!"

झाडांखाली पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. बाबांनी पितळी पिचकारीतून 'शांतिजल' उडवलं, गुलाबाचा घमघमाट सुटला, आणि पाच-दहा मिनिटांत चादरीवर काळे ठिपके पडायला लागले. लोकांनी पटापट हात जोडले.

माशीताईचं मात्र पित्त खवळलं. गाव तिला माशीताई म्हणे, कारण घरामागच्या खोलीत ती बरण्यांमध्ये बारीक गांधीलमाश्या वाढवायची. या माश्या माणसाला चावत नाहीत. पतंगाच्या अंड्यात त्या आपलं अंडं घालतात, म्हणजे फळ पोखरणारी अळी जन्मालाच येत नाही. तीन वर्षं तिनं त्या माश्या आपल्या भावाच्या, दादाच्या, याच काचघरात सोडल्या होत्या. यंदा अळी जरा वाढली, तसा दादाचा धीर सुटला आणि त्यानं बाबांना बोलावलं.

"दादा, चादरीवर काय पडलंय?"

"कीड. दिसत नाही का तुला?"

"हे भिंग घे, मग बोल."

दादानं वाकून पाहिलं. "पंख आहेत गं याला."

"अळीला कधी पंख असतात का? हा ढालकिडा, मावा नावाची कीड खाणारा. हा कोळी. आणि ही धुळीच्या कणाएवढी आहे ना, ती माझी माशी. तुझं पीक राखत होती बिचारी."

"ताई," बाबा गोड हसले, "श्रद्धेवर भिंग धरलं की श्रद्धा जळते."

"जळू द्या. आधी अळी दाखवा."

बाबांनी डोळे मिटले. तेव्हा तिनंच फवारलेल्या झाडाचा एक टोमॅटो तोडून सुरीनं चिरला. आत हिरवी, गलेलठ्ठ अळी मजेत वळवळत होती.

"ही घरात बसून जेवते, हिला फवारा लागतच नाही. उघड्यावर फिरते ती हिची वैरीण, आणि मरते तीच. हे दुकानातलं कीटकनाशक आहे, वरून अत्तर घातलेलं. खोटं वाटत असेल तर बाबांनी एक घोट घ्यावा!"

बाबांनी तत्काळ मौन धरलं. कुणीतरी त्यांची पिशवी उपडी केली. लेबल खरवडलेले दोन डबे खाली पडले.

आता तरी डोळे उघडतील, असं माशीताईला वाटलं. एका म्हाताऱ्यानं डबा उचलून हुंगला.

"म्हणजे पाण्यात खरंच औषध आहे?"

"आहे ना, काका!"

"मग गुण येणारच की! मला वाटलं, नुसतंच पाणी."

बघता बघता रांग लागली. बाबांचं मौन सुटलं.

दादा रांगेत गेला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं... तू इकडे आलीस ना, तेव्हा तुझी वहिनी शांतिजलाची बाटली घेऊन तुझ्या खोलीकडे गेली."

ती धावत सुटली. खोलीत गुलाबाचा वास कोंदला होता. वहिनी रिकामी बाटली घेऊन कौतुकानं उभी होती. "वन्सं, तुमच्या माश्यांची भरभराट व्हावी म्हणून बरणीन् बरणी शिंपडली हो!"

बरण्यांच्या तोंडावरची फडकी ओलीचिंब होती. माशीताईनं एकेक बरणी उजेडात धरली, हलवली, टिचकी मारली. तळाशी नुसती काळी भुकटी. नवी पिढी वाढवायला निदान एक जिवंत जोडी तरी लागते. तीही उरली नव्हती, आणि बाहेरून नवी धरून आणावी, तर आसपासच्या सगळ्या काचघरांत बाबा आधीच फवारून आले होते.

"मला कुणी सांगितलंच नाही हो," वहिनी रडायला लागली. माशीताईनं हातातली बरणी खाली ठेवली.

ती परत काचघरात आली. घसा फाडून म्हणाली, "देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण कुणी चमत्कार दाखवला, तर वाकून एवढं तरी बघा, की मेलं कोण!"

कुणीही वाकलं नाही.

"ताई, जरा बाजूला व्हा," मागून एक जण म्हणाला, "रांग अडतेय."