फकिराचा बिल्ला

बुधवारी दुपारी जेवणाआधी घंटा वाजली की सभा सुरू, आणि घंटा वाजेपर्यंत ज्याचा बिल्ला दाराजवळच्या ताटात पडून राहिला तो गैरहजर. गोदाकाठ सेवा क्लबात हजेरीची याहून जास्त भानगड नव्हती. यायचं, ताटातला आपल्या नावाचा बिल्ला उचलायचा, छातीवर लावायचा आणि खुर्ची धरायची. नाशकात शरणपूर रोडवरच्या एका हॉटेलात, पहिल्या मजल्यावर हा कार्यक्रम चाले. भाषण कंटाळवाणं असे, पनीर चिवट असे, तरी माणसं नेमाने येत. बायकोला 'मीटिंग आहे' असं तोंड वर करून सांगता येईल अशी दुसरी जागा त्यांच्याजवळ नव्हती.

ताट मांडायचं काम जयराम विधातेकडे होतं. त्याचा गुलाबाच्या फुलांचा धंदा. फुलं मांडणाऱ्याने बिल्लेही मांडावेत असं कुणीतरी गमतीने म्हणालं आणि ते काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्याच्या शेजारची खुर्ची फकिरा काठेची. दोघे शाळेपासूनचे दोस्त. द्वारका चौकाजवळ फकिराचं टायरचं दुकान होतं. क्लबात आल्यापासून फकिराने एकही बुधवार चुकवला नव्हता. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून हजर. आधी पापड चुरून खायचा, पाणी पिऊन झालं की पेला पालथा घालायचा. "परत भरू नको रे बाबा, भाषणात उठावं लागतं," असं वेटरला बजावायचा.

सत्त्याण्णवच्या मार्चात क्लबाने हरसूलजवळच्या एका पाड्यावर डोळ्यांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. जागा बघायला फकिरा बुधवारीच, उजाडताना स्कूटरवर निघणार होता.

"जेवायला येतोच मी," आदल्या दिवशी तो जयरामला म्हणाला. "आणि झालाच उशीर, तर लाव माझा बिल्ला. तुला काय, सवय आहे लबाडीची."

ही लबाडी क्लबात सगळेच करत. मित्राचा बिल्ला आपण उचलून ठेवायचा, म्हणजे तो मागाहून आला तरी हजर. त्या बुधवारी घंटेची वेळ झाली तरी फकिराचा पत्ता नव्हता. जयरामने त्याचा बिल्ला उचलला आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीला टोचला. अध्यक्षांनी घंटा वाजवली, आज एकही गैरहजर नाही म्हणून टाळ्या घेतल्या. भाषण संपतं न संपतं तोच खाली काउंटरवरचा फोन वाजला. फकिराची स्कूटर घाटातल्या वळणावर, झऱ्याच्या लाल चिखलात घसरली होती. घंटा वाजली तेव्हा फकिरा या जगात नव्हता.

पुढच्या बुधवारी ताटात एकच बिल्ला उरला. तो तसाच ठेवावा असं जयरामला कळत होतं, पण हात ऐकेना. त्याने तो पुन्हा खुर्चीला टोचला. कुणी हरकत घेतली नाही. उलट दोघातिघांचे डोळे भरून आले. बिल्ला दिसला म्हणून वेटरने तिथे ताटही वाढलं. भाषण संपताना जयरामची नजर सहज शेजारी गेली. पापड चुरलेला होता. पेला पालथा होता. खुर्चीखाली लाल चिखलाचे दोन ओले डाग पडले होते. नाशकातली माती काळी, आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

त्यानंतर दर बुधवारी हेच. समोर बसणाऱ्या डॉक्टरांनी गुपचूप आपली जागा बदलली. अध्यक्षांना एकाएकी दुसऱ्या हॉटेलचं जेवण बरं वाटू लागलं. भूत हा शब्द मात्र कुणी काढला नाही. शिकलेली माणसं, उगाच आपलं हसं कोण करून घेणार! जयरामला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. तो शेजारच्या खुर्चीकडे झुकून हळूच बोलायचा, बाजारातल्या गोष्टी सांगायचा, वक्त्याची टिंगल करायचा. त्याला असं वाटायचं, की फकिराला आपण मरू दिलं नाही.

श्रावणात एका मंगळवारी फकिराची बायको, मंगलाबाई, जयरामच्या फुलांच्या दुकानात आली. फुलं घ्यायला आली असेल म्हणून त्याने टोपली पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"भाऊजी, तुम्ही त्यांचा बिल्ला अजून लावता?"

जयरामने टोपलीतला एक गुलाब उचलून त्याची पानं खुडायला घेतली.

"माझ्या घरात दर बुधवारी उजाडताना त्यांची घाई चालते. कपाट उघडतं. मोरीत पाणी वाजतं. मग जिना उतरल्याचा आवाज येतो." तिने पदर खांद्यावर ओढला. "इथवर मी सोसलं असतं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं. मंगळवारी रात्री मी त्यांचे कपडे काढून ठेवायचे."

"मग, वहिनी?"

"दुपारी हाक येते. तुमच्या घंटेच्या जरा आधी. 'मंगल!' अशी, एकदाच. घाटात गुरं चारणारा तो बुधा आपल्याला काय म्हणाला होता, आठवतं? पडताना माणूस बाईच्या नावानं ओरडला, म्हणाला. तीच हाक आहे ती, भाऊजी."

जयरामच्या हातातला गुलाब खाली पडला. घाटातला लाल चिखल, दर बुधवारी ओला. आतापर्यंत आपण कसे एवढे मठ्ठ राहिलो, तेच त्याला समजेना. तो ज्याला जेवायला बोलावत होता, त्याला त्याच वळणावरून यावं लागत होतं.

"तुमचा दोस्त तुम्हाला तिथे भेटतो, मला ठाऊक आहे," मंगलाबाई म्हणाली. "माझेही ते घरी येतातच की. पण आता पुरे. त्यांना किती वेळा मारायचं आपण?"

दुसऱ्या दिवशी जयरामने ताट मांडलं. एकेकाने आपापला बिल्ला उचलला. शेवटी फकिराचा तेवढा राहिला. जयराम ताटाशी उभा होता. बिल्ला स्टीलवर बारीक थरथरू लागला. दूरवरून स्कूटर येत असली की खिडकीची काच वाजते, तसा आवाज. जयरामचा हात पुढे गेला. उचलला की आजही शेजारी पापड चुरणार, आजही गप्पा होणार. बोटं बिल्ल्याला टेकली होती. त्याने ती मागे घेतली आणि दोन्ही हात खिशात कोंबले.

"फकिरा, नको येऊस रे," तो म्हणाला. "आज मी लावणार नाही."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. बिल्ल्याचा आवाज थांबला.

"गैरहजर?" अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. त्यांनी मान खाली घातली होती.

जयरामने ताटाकडे पाहिलं. "फकिरा काठे," तो म्हणाला. "गैरहजर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेटरने फकिराच्या खुर्चीपुढे, सवयीने, पेला भरून ठेवला. बिल्ला नाही हे ध्यानात येताच तो ओशाळला आणि हातातलं ताट परत घेऊन गेला. तेवढ्यात खाली फोन वाजला. काउंटरवरच्या माणसाने जिन्यातून जयरामचं नाव पुकारलं. त्या मार्चातल्यासारखाच तो धावत जिना उतरला.

"भाऊजी," पलीकडून मंगलाबाई रडत होती. "आज हाक आली नाही."

जयराम वर आला. खुर्चीखाली वाकून त्याने फरशीवरून हात फिरवला. फरशी कोरडी होती. आता तिथे कुणी नव्हतं आणि यापुढे कुणी येणारही नव्हतं. एवढे महिने न आलेलं रडू त्याला सगळ्या क्लबापुढे आलं, आणि ते त्याने आवरलं नाही. वक्ता बोलायचा थांबला. जयरामने फकिराचा पेला उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि पेला पालथा घातला.