लाल कापडातली पोथी

"ऊठू नको. पोथी शे ती, अर्धा अध्यायमा ऊठू नको," असं म्हणत सासूबाईंनी रडणाऱ्या चिऊला माझ्याआधी उचललं. मिटलेलं पुस्तक मी पुन्हा उघडलं.

पोथी नव्हतीच ती. माझ्या मैत्रिणीनं, रंजनानं दिलेली कादंबरी होती. मुखपृष्ठावर खलाशाच्या मिठीत एक बाई होती, म्हणून रंजनानं ती इथल्या, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमधल्या लाल कटपीसमध्ये बांधून दिलेली. म्हणाली, चिऊ झाल्यापासून तू चहासुद्धा गरम प्यायली नाहीस, निदान एक पुस्तक तरी पुरं कर. लाल कापड बघून सासूबाईंनी हात जोडले. त्यांना वाचता येत नाही. मीही त्यांना ती पोथीच वाटू दिली.

गोष्ट अशी, की आजच्या सुरतेतली एक नर्स मोबाईलच्या उजेडात जुन्या वावेच्या, म्हणजे बारवेच्या, पायऱ्या उतरते आणि वर येते ती जहाजांच्या काळातल्या सुरतेत. तिथं लढाया, चेटूक, आणि तो खलाशी. वावेतली परतीची वाट पुन्हा उघडेल तेव्हा तिनं परतायचं, की त्याच्याजवळ राहायचं?

दुपारी साड्यांना टिकल्या लावून झाल्या की मी बसायची. पोथी मोठ्यानं वाचावी, हा सासूबाईंचा नियम. मग मीही सुरात वाचायची, मिठीबिठी आली की "हरी हरी" करून पुढं सरकायची. त्या सुरात चिऊ झोपून जाई. शेजारच्या सरलाबाई साड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या, तर त्यांनाही सासूबाई दारातच थोपवत.

शेवटचं प्रकरण आलं. नर्स वावेच्या काठावर, खलाशी तिच्यासमोर. सवयीनं मी "हरी हरी" म्हटलं.

"गाळू नको," सासूबाई म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"कोनती पोथीमा मोबाईल ऱ्हास वो? मी अडानी शे, बहिरी नई." टिकल्यांचा डबा उगाच बंद करत त्यांनी हळूच विचारलं, "मंग? ती माघारी गयी का?"

मी सगळं वाचलं, मिठीसकट. नर्स परतली, पण एकटी नाही. त्याचा हात धरून ती पायऱ्या चढली आणि दोघं रिक्षांच्या गोंगाटात येऊन उभी राहिली.

पुस्तक संपलं. पुरं संपलं. मी शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून बघितलं.

स्वयंपाकघरातून रवा भाजल्याचा वास आला. मी दारात गेले.

"समाप्ती शे ना आज," सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

शिऱ्याचा पहिला घास त्यांनी लाल कापडापुढं ठेवला. मग माझ्या हातात कप दिला आणि जाग्या झालेल्या चिऊला कडेवर घेऊन, तो रिकामा होईपर्यंत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

चहा गरम होता.