पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

साहेब, तुमच्या पर्यटन खात्याच्या वेबसाईटवर मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्याविषयी एक ओळ आहे: ‘बाराही महिने सुरक्षित समुद्रस्नान.’ ही ओळ खोटी आहे. ती खोटी आहे हे तुम्हाला तीन अर्जांनी कळवलेलं आहे. तरी ती आजही तिथेच आहे, आणि ती वाचून माणसं पोराबाळांना गाडीत घालून निघतात.

ओळ मूळची तुमची नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ती दुसऱ्याच्या पानावरून उचललीत. ज्या घरातून उचललीत, त्या घराने ती पुसून टाकली. का पुसली, ते आता सगळ्यांसमोर सांगतो. वाचकहो, तुम्हीही ऐका. तुमच्यातल्या पुष्कळांनी खाणावळीची, आंब्यांची, भाड्याच्या खोल्यांची वेबसाईट काढली असेल, किंवा उद्या काढाल. वाडीचं नाव मात्र देणार नाही. नाव दिलं की कोणीतरी नेमका तिथेच पोहायला जाईल.

दीपिका कुबल त्या वाडीतली. नवरा सुशांत होडीवर जातो, सासू हौसाबाई मालवणच्या बाजारात मासे विकते. घराशेजारी माडांत या लोकांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. खोल्या स्वच्छ, जेवण झकास, पण वाडी पडली आडबाजूला. माणूस फिरकेना. २००८ साली कोणाच्या तरी सांगण्यावरून वेबसाईट काढली. सहा महिने ती वेबसाईट सुशांतचा मुंबईचा भाऊ सोडून कोणीही बघितली नाही, आणि तोही बघून फक्त घरच्या फोटोत आपण नाही म्हणून रुसला.

मग निकेत भेटला. कोल्हापूरचा, वागायला चांगला, कामाला वाघ. लोक इंटरनेटवर ‘मालवण’ शोधतात तेव्हा नावांची जी यादी उघडते, त्या यादीत गिऱ्हाइकाचं नाव वर चढवायचं, हा त्याचा धंदा. सगळं फोनवर चालायचं. किनारा त्याने कधी बघितला नव्हता.

त्याने दीपिकाला विचारलं, लोक फोन करून तुम्हाला काय काय विचारतात? तिने खरं ते सांगितलं. समुद्रात पोहता येतं का, लहान मुलांना धोका नाही ना, पावसाळ्यात चालू असतं का. निकेत म्हणाला, लोक जे विचारतात तेच इंटरनेटवर शोधतात, म्हणून ते शब्द आपल्या पानावर पाहिजेत. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं. पण लोकांचे प्रश्न त्याने घेतले आणि समुद्र न बघता त्यांची उत्तरं करून टाकली. लहान मुलांसाठी सुरक्षित. बाराही महिने सुरक्षित समुद्रस्नान. पावसाळ्यातही उघडं. हे सगळं पानाच्या तळाला, पांढऱ्या जागेवर पांढऱ्या अक्षरांत, पन्नास-पन्नास वेळा लिहिलं. बघणाऱ्याला नुसती मोकळी जागा दिसावी, आणि शोधणाऱ्या यंत्राने मात्र ती अक्षरं वाचावीत, अशी ती युक्ती.

दीपिकाने अडवलं होतं. आमच्याकडे पावसात कोण पाण्यात उतरत नाही, म्हणाली होती. निकेत हसला.

“वहिनी, ते माणसांसाठी नाहीच. मशीनसाठी आहे. माणसाच्या डोळ्याला एक अक्षर दिसणार नाही.”

दीपिकाला ते पटलं. तोंडावर कोणाला खोटं सांगायला तिची जीभ वळली नसती. पण मशीनला सांगितलं, तर त्यात कोणाचं काय गेलं?

दोन महिन्यांत नाव यादीत पहिलं आलं. मे महिन्यात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. आणि पुढच्या जुलैत, ज्या महिन्यात खोल्यांना कुलपं असायची, त्या महिन्यात चारही खोल्या एका कुटुंबाने घेतल्या. कराडचे एक मास्तर, बायको, आईवडील, भाऊ-भावजय आणि दोन मुलं.

जुलैत आमचा समुद्र कसा असतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर झावळ्या घातलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी लोटत नाही. आणि वाडीच्या टोकाला जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे तर पौर्णिमा झाली तरी कोणी उतरत नाही. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी त्या एका वाटेने बाहेर धावतं. गंमत अशी, की लाटा तिथे फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गुळगुळीत पाणी. परक्या माणसाला वाटतं, हीच जागा बरी.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. दीपिका सोलकढीसाठी नारळ खवत होती. मास्तर होते. मालवण मागे टाकलं, मुलं ऐकत नाहीत, म्हणून आधी खाडीच्या टोकाला जातो, पाण्यात खेळून मग जेवायलाच येतो, म्हणाले. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं.

“नको, आधी घरी या,” दीपिका म्हणाली.

“अहो, वाचलंय आम्ही सगळं. सुरक्षित आहे ना,” मास्तर म्हणाले, आणि फोन तुटला.

तिने फोन लावला. लागेना. परत लावला. लागेना. तिचे हात खोबऱ्याने माखलेले, आकडे चुकायला लागले. सुशांत स्कूटर घेऊन मालवणात गेलेला. ओसरीवर हौसाबाई सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडत बसली होती. दीपिकाने तिला दोन शब्दांत सांगितलं. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि आकाशाकडे नाही, समुद्राकडे बघितलं.

“सुकती लागली गो,” ती म्हणाली. सुकती म्हणजे ओहोटी. “तेंका कोणी सांगल्यान थंय उतराक?”

दीपिका धावत सुटली होती.

घरापासून खाडीचं टोक वाळूतून पंधरा मिनिटांवर. ओल्या वाळूत पाय रुततात. दीपिका पडली, उठली, परत धावली. कानात तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: वाचलंय आम्ही सगळं. काय वाचलं? अक्षरं तर पांढरी होती. काय वाचलं यांनी?

सुरूच्या झाडांपाशी गाडी उभी होती. वाळूवर चपला ओळीने काढून ठेवलेल्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा. तिने मोजल्या. आठ जोड. वाळूवर माणसं पाच. म्हातारा-म्हातारी, भावजय, एक मुलगा, आणि मास्तरांची बायको, जी हात हलवून कोणाला तरी ‘आता पुरे, या’ म्हणत होती. भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता आणि हसत होता. मास्तर आणि त्यांची नऊ वर्षांची रिया त्या गुळगुळीत पाण्यात होती. मास्तर हसत नव्हते.

किनाऱ्याकडे तोंड करून ते हात मारत होते आणि मागे मागे जात होते. रिया त्यांच्या मानेला मिठी मारून होती. ओरडतही नव्हती. बुडणारं माणूस ओरडत नाही, हे दीपिकाने ऐकलं होतं. बघितलं त्या दिवशी.

भाऊ पुढे जायला निघाला. मागून हौसाबाई पोचली होती, तिने त्याचा शर्ट मागून धरला. तीस वर्षं बाजारात ओरडलेला गळा तो.

“थांब रे! तू गेलंस तर तिगांक काढूचा पडात!”

होडीच्या झावळ्यांच्या आडोशाला महादू जाळं शिवत बसला होता. वाडीतला जुना रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा. त्याने हाक ऐकली आणि काही न विचारता रापणीचा दोर खांद्यावर टाकला. दीपिकाने होडीतला रिकामा प्लास्टिकचा कॅन दोराला बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. महादू सरळ पाण्याकडे गेला नाही. कडेने वर चालत गेला, जिथून पाणी आपणच कॅन वाहून नेईल तिथून त्याने तो सोडला, आणि मास्तरांना हाताने खूण केली: सरळ नको, आडवे या.

कॅन त्यांच्याजवळून एकदा निघून गेला. मास्तरांचं डोकं पाण्याखाली गेलं. मुलीचं वर होतं. दुसऱ्यांदा कॅन हाताला लागला.

सगळ्यांनी दोर ओढला, मास्तरांच्या म्हाताऱ्या आईनेसुद्धा. रिया बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. हौसाबाईने तिला पालथी घातली, पाठीवर थापा मारल्या. थोडं पाणी बाहेर आलं. मग खोकला आला, आणि मग रडणं. त्या रडण्याइतकं गोड दीपिकाने जन्मात काही ऐकलं नव्हतं!

मास्तर बराच वेळ वाळूवर ओणवे बसले होते. श्वास बसल्यावर त्यांनी गाडीतून एक कागद आणला. यादीच्या पानाची छापील प्रत होती. सगळ्यात वर दीपिकाच्या वेबसाईटचं नाव, आणि नावाखाली त्या यंत्राने पानातून उचलून छापलेल्या दोन ओळी. काळ्या, ठळक: लहान मुलांसाठी सुरक्षित. बाराही महिने सुरक्षित समुद्रस्नान.

“आम्ही हे वाचूनच उतरलो ना, ताई,” ते म्हणाले. चिडून नाही. खरंच विचारत होते. ते त्यांनी चिडून म्हटलं असतं, तर बरं झालं असतं.

दुपारी ते लोक दीपिकाच्याच घरी टेकले. रिया झोपली, आईने तिचा हात सोडला नाही. स्वयंपाकघरात दीपिका भिंतीला टेकून बसली होती. पांढऱ्या अक्षरांचं तिने तेव्हा सासूला सांगितलं.

हौसाबाई म्हणाली, “बाजारात बायो माका इचारतत, म्हावरां ताजा आसा काय? मी माशाचो कल्लो उचलून दाखवतंय. लाल दिसलो तर घेवा, नाय तर फुडे जावा. तू कल्लो झाकून ठेवलंस, आणि वर फळ्यार लिवलंस, ताजा आसा.”

“आई, ता मशीनसाठी होता,” दीपिका म्हणाली.

“मशीन इला काय गो बुडाक? मास्तराचा चेडू इला.”

दीपिका उठली आणि फोनपाशी गेली.

तिने निकेतला फोन करून ती अक्षरं काढायला सांगितली. तो म्हणाला, नाव खाली जाईल, मेहनत फुकट. ती म्हणाली, जाऊ दे, पण आधी तू इथे ये. तो आला. हौसाबाई त्याला खाडीच्या टोकाला घेऊन गेली. ओहोटीची वेळ होती, पाणी तसंच गुळगुळीत. तिने नारळाचं एक सोडण, म्हणजे काथ्याची साल, उचलून पाण्यात टाकलं आणि म्हणाली, “मोज.”

निकेतने मोजायला सुरुवात केली. सोडण डुलत निघालं, मग ओढल्यासारखं सरळ बाहेर गेलं. तीसपर्यंत पोचला तेव्हा ते लाटांच्याही पलीकडे होतं. चाळीसला दिसेनासं झालं.

“मी हे पन्नास वेळा लिहिलं,” तो म्हणाला.

त्याच दिवशी मालवणच्या सायबर कॅफेत बसून त्याने पांढरं अक्षर न् अक्षर काढलं. त्या जागी दीपिकाने सांगितलं ते काळ्या अक्षरांत, पानाच्या डोक्यावर लिहिलं: ‘जून ते नारळी पौर्णिमा आमच्या समुद्रात उतरू नका. खाडीच्या तोंडाशी कधीच उतरू नका. कुठे, केव्हा उतरायचं ते आधी घरी येऊन विचारा.’ लोकांचे प्रश्न तेच ठेवले, उत्तरं खरी दिली. नाव पहिल्या पानावरून तिसऱ्यावर गेलं. त्या हिवाळ्यात दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. पण जे आले ते पाण्याकडे जाण्याआधी घरी आले, आणि हे त्या घराला पुरलं. निकेतने त्यानंतर एकही वेबसाईट जागा बघितल्याशिवाय लिहिलेली नाही.

वाचकहो, यादीत वर येण्यात पाप नाही. आपलं दुकान लोकांना सापडावं म्हणून खटपट करण्यात लाज कसली? पण वेबसाईटवर मशीनसाठी असं काही नसतं. तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे एखादा बाप वाचत असतो, आणि त्यावर विश्वास ठेवून मुलीचा हात धरून पाण्यात उतरतो. जे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, ते पांढऱ्या अक्षरांतही लिहू नका.

आता साहेब, तुमच्याकडे येतो. दीपिकाने आपली ओळ पुसली, त्यानंतर महिन्याभराने निकेतने यादी परत उघडली. पहिल्या जागेवर तुम्ही होता. तीच ओळ, तोच किनारा. दीपिका अर्ज घेऊन तुमच्या कचेरीत गेली. तुमच्या माणसाने सांगितलं, माहिती गोळा करताना जी वेबसाईट यादीत पहिली दिसली तिच्या नावाखालची ओळ घेतली. किनारा बघायला कोणी आलं होतं का, असं तिने विचारलं. त्याने अर्जावर शिक्का मारला. दुसऱ्या अर्जावरही मारला. तिसऱ्यावरही.

मासे विकणाऱ्या बाईला जे एका दुपारी कळलं, ते तुमच्या कचेरीला वर्षभरात का कळत नाही? पुन्हा जून जवळ आला आहे. खाडीच्या तोंडाशी अजून तुमचा एक फलक नाही, आणि तुमच्या पानावर अजून ती ओळ आहे. ती कोणत्या तारखेला पुसणार? शिक्का नको. तारीख सांगा.